उघडं दुकान टाकून जायचं नाही

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. डावा इंडिकेटर चालू होता, हँडब्रेक ओढलेला होता, मागे झेंडूची पोती जशीच्या तशी उभी होती. बडनेऱ्याच्या पुढे, अकोला रोडवर, सकाळी साडेसातच्या सुमारास. मला फोन केला तो माझ्या मेव्हण्यानं, दिगांबरनं. म्हणाला, "भाऊजी, ताईनं गाडी बाजूले लावली... अन् मंग उठलीच नाही." मी राजापेठेतल्या घरी दाढी करत होतो, अर्ध्या गालावर साबण होता. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार तर दोन-तीन मिनिटं हातात मिळाली असतील. त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या बायकोनं काय केलं, तर मागून येणाऱ्याला सिग्नल दिला, टेम्पो डांबरावरून खाली उतरवला आणि ब्रेक ओढला. जाता जाता कुणाचा रस्ता अडवला नाही. याला आज सात आठवडे झाले. रडायचं ते रडून झालंय, उरलेलं घरी रडेन. हा लेख मी विमलला मिरवायला लिहितोय, कारण तिला मिरवायचं माझ्याकडून अर्धं आयुष्य राहून गेलं होतं आणि ते का राहिलं हेही आज सांगून टाकायचं आहे.

विमल माळ्याची पोर. बडनेऱ्याच्या पुढे रस्त्यालगत तिच्या माहेरची चार एकर काळी जमीन, तिच्यात झेंडू, शेवंती, गलांडा, एका कोपऱ्यात निशिगंध. मी भूगोलाचा मास्तर. नोकरी अकोल्याच्या एका हायस्कुलात, घर अमरावतीला, म्हणजे जन्माचं अप-डाऊन. लग्नानंतर चार-पाच वर्षांत सासऱ्यांचे गुडघे गेले आणि फुलं बाजारात न्यायची कुणी, हा प्रश्न उभा राहिला. दिगांबर तेव्हा हाफ पँटीत होता. विमलनं कुणाला विचारलं नाही. आधी लुना शिकली, मग एक जुना टेम्पो घेतला. शिकवायला होते त्यांच्या शेजारचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, ज्यांची सगळी हयात धारणीच्या घाटात गेली होती. त्या काकांची शिकवायची पद्धत उलटी होती. त्यांनी तिला महिनाभर गाडी फक्त मागे घ्यायला लावली. "ज्याले मांगं घेता येते त्यानंच पुढं न्यावं," हे त्यांचं वाक्य विमल पुढे सगळ्यांना ऐकवायची, गाडीच्या बाबतीतही आणि संसाराच्या बाबतीतही. मला मात्र वाहन या जातीनं कधी जवळ केलं नाही. मी एकदाच लुना चालवली आणि राजापेठेतल्या नालीत पडलो. त्यानंतर हँडलला हात लावला नाही. पोरांना मी सातही खंड फिरवून आणले, पण स्वतः कायम कुणाच्या तरी शेजारी नाहीतर मागे बसून.

दसरा-दिवाळीत, लग्नसराईत विमल फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात जायची. मग मला रेल्वेची गरज नसे. झेंडूच्या वासात, टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून मी शाळेला जायचो. खरं तर गावभर सांगत सुटावं अशी ही चैन होती. पण शाळेच्या दोनशे पावलं अलीकडे एक पेट्रोल पंप होता आणि मी तिथंच उतरून घ्यायचो. पहिल्यांदा उतरलो तेव्हा म्हणालो, "इथंच थांब, पुढे गर्दी असते." ती बरं म्हणाली. पुढे कसलीही गर्दी नसे. पुढे फक्त माझे सहकारी असत, आणि मास्तर बायकोच्या टेम्पोतून उतरला, तोही बाजूच्या सीटवरून, हे त्यांनी पाहावं असं मला वाटत नव्हतं. दुसऱ्या खेपेपासून मला सांगावं लागलं नाही. पंप आला की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, असा की काचेपलीकडचं दिसेना. तिनं पंपावर गाडी थांबवली. मी म्हटलं, आज आत घे ना, भिजेन मी. विमल समोर पाहत म्हणाली, "पुढं गर्दी असते." मी उतरलो आणि भिजत गेलो. तो तास सहावी 'ब'वर होता आणि पोरं माझ्या पँटमधून गळणारं पाणी बघत होती.

याच्याहून वाईट गोष्ट अजून पुढेच आहे. एकदा हेडमास्तरांनी मला पंपावर उतरताना पाहिलं. स्टाफरूममध्ये सहज विचारलं, ती टेम्पोवाली बाई कोण हो? आणि मी म्हणालो, ओळखीची आहे, आमच्या भागातून फुलं घेऊन येते. ओळखीची! मी हे विमलला कधीच सांगितलं नाही. तिच्या माघारी आज पहिल्यांदा सांगतोय, तेही वर्तमानपत्राच्या पुरवणीत, सगळ्यांसमोर. ती असती तर म्हणाली असती, सांगाले एवढे वर्स लागले का मास्तर, मले तं पंपावरच समजलं होतं.

आमचा मुलगा नितीन आयर्लंडमध्ये नोकरी करतो, गॉलवे नावाच्या शहरात. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. त्यानं हौसेनं एका टूरच्या बसची दोन तिकिटं काढून ठेवली होती, अटलांटिकच्या काठानं एका दिवसात उंच कडे, किल्ला, जेवण आणि परत. विमलनं ती तिकिटं हातात घेऊन पाहिली आणि त्याला विचारलं, इथं गाडी कोणत्या बाजूनं चालते? तो म्हणाला, आपल्यासारखीच, डाव्या बाजूनं. स्टिअरिंग? उजवीकडे. मग ती म्हणाली, "मंग बसमधी काहून बसाचं?" नितीननं खूप समजावलं. रस्ते अरुंद आहेत, दोन्हीकडून दगडी कुंपणं आहेत, भाषा येत नाही, तुझं वय झालं. शेवटच्या कारणावर तो घसरला, कारण ते ऐकल्यावर विमलला आणखी जोर चढला. चार दिवसांनी दारात भाड्याची एक लहान लाल गाडी उभी होती. मी नकाशा घेतला, कागदी, घडीचा. फोन रस्ता दाखवतो हे मला मान्य आहे, पण तो आपण कुठे आहोत एवढंच सांगतो, कशाच्या शेजारी आहोत हे सांगत नाही. मी मुक्काम ठरवले. गॉलवेहून वर कॉनेमारा, तिथून काठाकाठानं उत्तरेला, आणि शेवटी पूल ओलांडून अॅकिल नावाच्या बेटावर, जिथं रस्ता एका कड्याच्या कुशीत संपतो आणि पुढे थेट समुद्र. तीन दिवस.

निघताना नितीन हात हलवत दारात उभा होता. विमलनं सीट पुढे ओढली, आरसे लावले, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. किल्ली फिरवायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, एकच मागणं हाये. हा रस्ता संपतपर्यंत मले सोडून मधात उतराचं नाही. उतराचं तं संग उतराचं."

मी हो म्हणालो. पंपाचं नाव दोघांनीही काढलं नाही. पण तीन दिवस माझ्या मांडीवर आयर्लंडचा नकाशा होता आणि डोक्यात अकोल्याचा तो पंप.

तिची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. मुख्य रस्ता सोडून समुद्राकडे वळलो तसा रस्ता एका गाडीपुरता उरला. मधोमध गवताची पट्टी, दोन्हीकडे छातीइतकी दगडी कुंपणं, आणि समोरून ट्रॅक्टर. मी नकाशात तोंड घातलं. विमलनं आरशात पाहिलं, गाडी मागे टाकली आणि त्या वळणावळणाच्या रस्त्यानं, एका दगडाला न घासता, फर्लांगभर मागे नेऊन एका फाटकाच्या खाचेत घातली. ट्रॅक्टरवरचा म्हातारा जाताना थबकला. त्यानं हात नाही केला, स्टिअरिंगवरचं एक बोट फक्त वर उचललं आणि मान हलवली. पुढे कळलं, तिकडच्या खेड्यांतला तोच रामराम. समोरून येणारा प्रत्येक जण, ओळखीचा असो नसो, एक बोट उचलतो. विमलला हे फार आवडलं. म्हणाली, किती सोपं हाये, आपल्याकडं बोट दाखवलं तं भांडण लागते. दुपारपर्यंत तिचं बोट अगदी त्यांच्यासारखं उठू लागलं होतं आणि मला वाटतं, त्या दिवशी कॉनेमाऱ्यात अर्ध्या लोकांना ती तिथलीच वाटली असेल. धारणीचे काका तेव्हा हयात नव्हते, नाहीतर त्यांना तिथूनच फोन लावला असता.

मग काय काय पाहिलं... मैलोन् मैल काळीभोर माती, ओली, स्पंजासारखी, आणि तिच्या विटा कापून वाळत घातलेल्या, आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशा. ती माती तिथं सरपण म्हणून जाळतात. विमल गाडी थांबवून उतरली (मीही उतरलो, संगच), मूठभर माती हातात घेऊन चुरली, वास घेतला आणि नाराज झाली. इतकी काळी माती अन् पेरत नाही कोणी? पाठीवर निळा-लाल रंग लावलेल्या मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असत, त्या तिच्या हॉर्नला दाद देत नसत, मग ती काच खाली करून वऱ्हाडीत बोलायची आणि त्या उठायच्या. दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या एका गावात मी तिला माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतला हुकमाचा धडा सांगितला, की एवढ्या उत्तरेला असूनही इथं गोठत नाही, कारण दक्षिणेकडून येणारा उष्ण सागरी प्रवाह या किनाऱ्याला ऊब देतो. तिनं चपला काढल्या, साडी जराशी वर खोचली आणि पाण्यात गेली. दोन सेकंदांत बाहेर आली. "मास्तर, तुमी तीस वर्स पोरांले खोटं शिकवलं." मीही पाय घालून पाहिला. नोकरीत असतो तर तो धडा जरा हळू आवाजात शिकवला असता.

तिसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडून अॅकिलवर गेलो. कुंपणं दगडाची संपून फुलांची सुरू झाली. लाल झुमक्यांची झाडं, डुलं लटकावी तशी लाखो फुलं, रस्त्यावर सडा पडलेला आणि तोडायला कुणी नाही. विमल गाडी चालवताना हळहळत होती. अशात एका वळणावर, एका शेताच्या फाटकाशी, पत्र्याच्या आडोशाखाली एक टेबल दिसलं. बादल्यांतून डेलियाची आणि आणखी कसली कसली फुलं, जॅमच्या चार बरण्या, एक पत्र्याचा डबा. पाटी होती, पण तिचा कागद पावसानं धुऊन गेला होता. माणूस मात्र नव्हतं. विमलनं गाडी बाजूला घेतली. तिनं हाक मारली, मी मारली, फाटकातून आत डोकावलो. कुणी नाही. मी म्हटलं, चल, पुढे जाऊ. तर ती टेबलामागची एक रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

ज्यांनी आमच्या अमरावतीच्या फुलबाजारात कधी सकाळ काढली नाही त्यांना हे कळायचं नाही. तिथं बायका पोत्यावर फुलं मांडून रांगेनं बसतात. त्यातली एखादी उठून गेली, पोराला दवाखान्यात न्यायला म्हणा की आणखी कशाला, तर शेजारीण तिचं दुकान सांभाळते. आपला माल विकून झाला तरी ती घरी जात नाही. शेजारणीचं गिऱ्हाईक करते, फुलांवर पाणी मारते, ती येईपर्यंत बसते. याला कुणी उपकार म्हणत नाही. उघडं दुकान टाकून जायचं नाही, एवढंच. अटलांटिकच्या काठावर हाच कायदा चालतो की नाही, अशी शंका विमलला आलीच नाही. मी घड्याळ दाखवलं, संध्याकाळच्या आत रस्त्याचं टोक गाठायचंय म्हणालो. ती म्हणाली, बाई कशात अडकली असन, येईन.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. विमलनं पिशवीतून दोऱ्याची गुंडी काढली (ती तिच्याजवळ कायम असे, विमानतळावर सुई तेवढी काढून घेतली होती), वाकलेली फुलं वेगळी केली, देठ खुडले, बादल्यांची मांडामांड बदलली, उठावदार रंग रस्त्याच्या बाजूला आणले. आणि गाड्या थांबू लागल्या. नऊवारी नव्हती हो, साधी सहावारी, वर नितीनचं निळं जाकीट, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. लोक थांबणार नाहीत तर काय. पहिलं गिऱ्हाईक सायकलवाल्या दोन पोरी. विमलनं त्यांना गुच्छ बांधून दिला, डब्याकडे बोट केलं, त्यांनी टाकलेलं नाणं डब्यातून काढून डोळ्यांना लावलं आणि परत डब्यात टाकलं. बोहनी. त्या पोरी पाहतच राहिल्या, मग त्यांच्यातल्या एकीनं स्वतःच्या कपाळालाही हात लावला.

आणि मी कुठे होतो? मी होतो पन्नास पावलं दूर, दगडी कुंपणाशी, समुद्राकडे तोंड करून. कधी सरकलो ते कळलंच नाही. गाडी थांबली की मी एक पाऊल बाजूला, दुसरी थांबली की आणखी दोन. वाटत होतं, मालक येईल, विचारेल, काय चाललंय हे, आणि लोक बघतायत. जिथं मला ओळखणारं एक कुत्रंही नव्हतं तिथंही मी पंपावर उतरलो होतो. एका मोटारीतून साठीचा एक गृहस्थ उतरला, फुलं घेऊन माझ्याकडे आला, वारा-समुद्राबद्दल काही बोलला आणि मग सहज विचारलं, त्या बाई तुमच्याबरोबरच्या का? प्रश्न तोच होता. फक्त स्टाफरूम नव्हती. मग मी इंग्रजीत, जरुरीपेक्षा मोठ्यानं म्हणालो, ती माझी बायको आहे. फुलं तिचं काम आहे, आणि गॉलवेपासून इथवर मला तिनं गाडी चालवत आणलंय. त्यानं माझा हात दाबला आणि म्हणाला, नशीबवान आहात.

मी परत आलो. टेबलामागे आणखी एक बादली होती, ती पालथी घातली आणि विमलच्या शेजारी बसलो. तिनं मान वर न करता दोऱ्याचं टोक माझ्या बोटांत दिलं आणि म्हणाली, "इथं गर्दी नाही ना, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो. "आणि असली तरी बसतो."

कुंकवाखालचं तिचं कपाळ असं सैल झालं, की इतकी वर्षं ते ताणलेलं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दोरा धरून मी तिथं तासभर बसलो. तिनं झुमक्यांची फुलं आणि डेलिया घालून एक हार ओवला, सुईशिवाय, नुसत्या गाठींवर. अर्धं टेबल रिकामं झालं तेव्हा फाटकातून गमबूट घातलेली एक म्हातारी बाई आली आणि आम्हाला पाहून जागीच थांबली. मग मी समजावलं, म्हातारीनं समजावलं, आणि उलगडा झाला की तिच्या टेबलाशी कधीच कुणी बसत नाही. फुलं ठेवायची, डबा ठेवायचा, शेतात निघून जायचं. ज्याला हवं तो घेतो आणि पैसे टाकतो. तिची आईही असंच करायची. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा विमलचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कोणीच नाही बसत? अन् डबा?" डब्याला काही होत नाही, बाई म्हणाली. पण इतक्या वर्षांत कुणी माझ्यासाठी थांबलं नव्हतं, असंही ती म्हणाली आणि तिनं टोपीच्या टोकानं डोळे पुसले. विमलनं तो हार तिच्या गळ्यात घातला. चहा झाला. निघताना बाईनं घरातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणून विमलच्या हातात दिला, झाकणाला वरून चीर पाडलेली.

पुढचा रस्ता मी विसरणार नाही. डोंगराच्या कडेनं वर चढतो, डावीकडे कठडा नाही, खाली थेट अटलांटिक. आणि डावीकडे कोण, तर मी. एका वळणावर मेंढी मध्ये आली, गाडी थांबली, आणि माझ्या दारापलीकडे मला फक्त पक्षी दिसत होते, तेही आमच्या खाली उडताना. विमलनं विचारलं, भ्या वाटते का, उतरता का? मी सीट दोन्ही हातांनी धरून नाही म्हणालो. मेंढी गेली. विमलनं पहिला गिअर टाकला, चढ चढली, खिंडीतून उतरली, आणि खाली पांढऱ्या वाळूचा एक तुकडा, हिरवं पाणी, तीन बाजूंनी डोंगर. तिथं रस्ता संपला. तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, हात मांडीवर ठेवले. बडनेऱ्याची माळीण, अकोला बाजारची फुलवाली, युरोपच्या काठावर गाडी चालवत आली होती. मी म्हणालो, पोचलो. ती हसून म्हणाली, "संग पोचलो." तसं हसताना मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर आठवड्याभरात तिनं शेताच्या फाटकाशी, अकोला रोडवर, पत्र्याचा आडोसा उभारला. टेबल, चार बादल्या, तो डबा. पाटी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात, 'फुलं घ्या, पैसे डब्यात टाका.' दिगांबर म्हणाला, ताई, हे आयर्लंड नाही, दोन दिवसांत डबा जाईन अन् चार दिवसांत टेबल. रोडवरच्या धाबेवाल्यानं पैज लावली. डबा आजही आहे. एकदा तेवढा गायब झाला होता आणि आम्ही हरलो असं वाटलं, तर दुसऱ्या दिवशी धाबेवाल्यानं स्वतः आणून दिला, वारं फार होतं म्हून उचलून ठेवला होता म्हणाला. त्यानंतर तो पैजेबद्दल बोलत नाही. अकोल्याच्या अप-डाऊनवाल्या मास्तरणी थांबून गजऱ्याची फुलं घेऊ लागल्या. आणि गेल्या वर्षी आमच्या शाळेत जुन्या शिक्षकांचा मेळावा होता तेव्हा विमलनं सवयीनं पंपावर पाय ब्रेकवर ठेवला. मी म्हटलं, आत घे, पार ऑफिसपुढे. तिनं टेम्पो आत घेतला. मी उतरलो, वळसा घालून तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं आणि जमलेल्यांना सांगितलं, ही विमल, माझी बायको, दसरा-दिवाळीत तुमच्या शाळेत मला हिनंच आणून सोडलं आजवर. म्हातारे झालेले हेडमास्तर पुढे आले. त्यांना 'ओळखीची बाई' आठवत होती की नाही, माहीत नाही. त्यांनी तिला हात जोडले आणि तिनं त्यांना पिशवीतला पेढा दिला.

ती गेली आणि सुतक आलं. तेरा दिवस घरातलं कुणी शेताकडे फिरकलं नाही. टेबल रिकामं पडलं असेल, बादल्या वाळल्या असतील, असंच मी धरून चाललो होतो. चौदाव्या दिवशी दिगांबरच्या मोटारसायकलवर मागे बसून मी फाटकाशी गेलो. बादल्या भरलेल्या होत्या. शेवंती ताजी होती, पाणी मारलेलं होतं, पाटीवरची धूळ पुसलेली होती. आणि पालथ्या बादलीवर शेजारच्या संत्र्याच्या बागेतल्या सुमनबाई बसल्या होत्या. खरं तर या टेबलाची सगळी मौजच ही, की इथं कुणी बसायची गरज नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही कशाला? त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, फुलबाजारातल्या बायांनी पाळ्या लावल्या होत्या, कोणी फुलं आणे, कोणी बसे.

"उघडं दुकान टाकून कसं जावं, मास्तर?" त्या म्हणाल्या. "घरचं कोणी येतपर्यंत बसलो आमी."

मी म्हणालो, आता घरचं माणूस आलं, तुम्ही या. त्या उठल्या. मी त्या बादलीवर बसलो. तेव्हापासून रोज सकाळी बसतो. हार ओवता येत नाही, पण दोरा धरता येतो, देठ खुडता येतात. साडेआठला अकोल्याची बस जाते, मागोमाग अप-डाऊनवाल्यांच्या गाड्या. त्यांच्यात माझे जुने सहकारी असतात, माझे विद्यार्थी असतात, आता स्वतः मास्तर झालेले. त्यांना मी लांबूनच दिसतो. परवा त्यांच्यातल्या एकानं गाडी थांबवून काच खाली केली आणि विचारलं, सर, तुम्ही इथं? मी म्हटलं, हो, हे माझ्या बायकोचं दुकान आहे. त्यानं शेवंती घेतली, डब्यात पैसे टाकले आणि गाडी रस्त्यावर घेतली. मी एक बोट वर उचललं. आरशात पाहून त्यानंही उचललं.